वाचकांची पत्रं : तुकूम, किकरी आणि टेकामांची मुलगी

मागच्या अंकात मी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटावर (शहराभोवतीच्या तटावर) लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, पण जी पत्रं डोक्यातून गेली नाहीत ती घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते. मी यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातली, गोंड. घरात गोंडी, शाळेत मराठी. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आता आपल्या लोकांचा इतिहास गावोगाव फिरून गोळा करते. सर्वांना जोहार.

ताई, लेख आवडला, पण एक खटकलं. तुम्ही सारखं ‘आमचा इतिहास’, ‘आमचे राजे’ असं लिहिता. महाराष्ट्रात राहणाऱ्या सगळ्यांचाच तो ‘आपला’ इतिहास नाही का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

दादा, तुम्ही मोकळेपणानं विचारलंत, मीही तसंच सांगते. आम्ही आणि आपण यांतला फरक आपल्या मराठीत फार नेमका आहे. ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटलं की दारात उभ्या माणसाला कळतं, आपलं पान मांडलेलं नाही. ‘आपण बसू या’ म्हटलं की तो चपला काढतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हे येत नाही. भाषेचे अभ्यासक म्हणतात, मराठीला ही सवय द्राविडी भाषांच्या शेजारानं लागली. आमची गोंडी त्याच कुळातली. त्यामुळे हा शब्द मी फार जपून वापरते.

मी चौथीच्या वर्गाला कितीतरी वर्षं शिवछत्रपतींचा इतिहास शिकवला. मनापासून शिकवला, अजून त्यातले धडेच्या धडे पाठ आहेत. झरी तालुक्यातल्या एका शाळेत अफझलखानाचा धडा संपला आणि मागच्या रांगेतला एक पोरगा उठून म्हणाला, ‘बाई, तवा आपल्या चांद्याले राजा कोन होता?’ वर्गातली निम्मी पोरं मडावी, आत्राम, कुमरे. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी स्वतः गोंडाची मुलगी, आणि मला उत्तर येत नव्हतं. ‘उद्या सांगते’ म्हणाले. तो उद्या यायला सहा-सात वर्षं लागली, तोवर ते पोरगं शाळा सोडून गेलं होतं.

उत्तर असं होतं : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्याच्या गादीवर बीरशाह होता, आणि त्याची राणी हिराई. नवऱ्याच्या मागं तिनं राज्य सांभाळलं, त्याची समाधी बांधली. ती समाधी आजही अंचलेश्वराच्या देवळाजवळ उभी आहे. जटपुरा दरवाजावर हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे, ती गोंड राजांची खूण. त्या सिंहाखालून रोज हजारो माणसं बाजाराला जातात. नागपूर शहर १७०२ साली देवगडच्या (हे देवगड आता मध्य प्रदेशात) बख्त बुलंद शाह या गोंड राजानं बारा वस्त्या एकत्र करून वसवलं. मी नागपूरच्या शिक्षकांना एका शिबिरात विचारलं होतं, तुमचं शहर कुणी वसवलं? बहुतेकांनी भोसल्यांचं नाव घेतलं.

‘आपला’ म्हणायला माझी जीभ अडत नाही. पण ‘आपला इतिहास’ या नावाखाली जे वर्गात वाढलं जातं त्यात बीरशाह नाही, हिराई नाही, बख्त बुलंद नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कोथरूडच्या चौथीतल्या मुलाला देता येईल, तेव्हा मी ‘आपला’ लिहीन आणि आनंदानं लिहीन. तोवर ‘आमचा’ म्हणते, म्हणजे निदान तो कुणाचा तरी आहे एवढं तरी वाचणाऱ्याला कळतं.

मी चंद्रपूरच्या तुकूम भागात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला स्थानिक इतिहासावर प्रकल्प करायचा आहे. ‘तुकूम’ या नावाला काही अर्थ आहे का? घरी कुणाला माहीत नाही.
— एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

पोरी, तुझं पत्र वाचून मला दिवसभर काही सुचलं नाही, इतका आनंद झाला. अर्थ आहे, आणि तो असा आहे की त्याच्यावर तुझा अख्खा प्रकल्प होईल.

चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशाहचं नाव याच्याशी जोडलेलं आहे. त्यानं रयतेला सांगितलं, जंगल साफ करून जो गाव वसवील त्याला सनद मिळेल. आणि जो तळं बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी देणगी. ह्या देणगीचं नाव तुकूम.

यात किती शहाणपण आहे ते बघ. जमीन आधी मोजून दिली असती तर माणसानं तळं कसंतरी उरकलं असतं. इथं मोजमाप पाण्याच्या हातात आहे. पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, कच्ची राहिली, पहिल्याच मोठ्या पावसात फुटली, तर खाली भिजणारी बांधी (धानाचं शेत) कमी आणि तेवढी देणगीही कमी. सांडवा नीट काढला, पाळ दरवर्षी चोपली, तर नातवंडांपर्यंत धान पिकत राहील. राजाला तपासणीस नेमायची गरजच उरली नाही. आपल्या भागात अजूनही बोडी (लहान तळं) आणि तलावाच्या पाण्यावर जे धान होतं, त्यातल्या कितीतरी पाळींची सुरुवात त्या काळातली आहे. तुमच्या शहरातला रामाळा तलाव रामशाहच्या नावाचा.

हे मी आपल्या माणसांचं कौतुक म्हणून फुगवून सांगत नाही. लुसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६०च्या दशकात चांदा जिल्ह्याची जमाबंदी केली. शेवटची काही वर्षं सोडली तर गोंड राजांनी चांगला कारभार असलेलं, समाधानी राज्य मागं ठेवलं, नामी बांधकामं ठेवली आणि तेवढी भरभराट नंतर कधी झाली नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. चांद्याचं राज्य रघुजी भोसल्यांनी १७५१ साली घेतलं, त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलेला हा माणूस. गोंडांची बाजू घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

आता काम सांगते. आधी भूमी अभिलेख कार्यालयात जा आणि जुना नकाशा मागून तळ्याच्या खुणा शोध. मग तुकूममधल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, पावसाचं पाणी आधी कुठं साचतं? घरं बांधली तरी पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. जे सापडेल ते मला पाठव. छापून आणायची जबाबदारी माझी.

१८५७च्या उठावात विदर्भातल्या आदिवासींचा काही भाग होता का? आम्ही शाळेत झाशी, कानपूर, मेरठच शिकलो.
— एक निवृत्त पोस्टमास्तर, ठाणे

होता. बाबुराव पुल्लेसुर शेडमाके, जन्म १२ मार्च १८३३. तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरीकडच्या जंगलात, त्यांनी गोंड-माडिया तरुणांची फौज उभी केली आणि १८५८ साली इंग्रजांशी लढले. २१ ऑक्टोबर १८५८ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तेव्हा त्यांचं वय २५. तुरुंगातल्या ज्या पिंपळाशी ती फाशी जोडलेली आहे, तिथं दरवर्षी त्या दिवशी आमची माणसं जातात.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. त्यांना पकडून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी, आणि त्याबद्दल इंग्रजांकडून गावं बक्षीस घेतली. अहेरीचं घराणंही गोंडच. माझ्या भाषणात हा भाग आला की आयोजक कधीकधी म्हणतात, ताई, तेवढं वगळा. मी वगळत नाही. दुसऱ्यांनी आमची पानं गाळली म्हणून आम्ही इतकी वर्षं बोलतोय, तर मग मी आमच्याच हातानं एक पान कसं फाडू?

सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीत वाचली गेली आहे आणि मोहेंजोदडो गोंडांनी वसवलं, असे मेसेज आमच्या ग्रुपवर येतात. मी भाषणात हे सांगतो. एका प्राध्यापकानं सगळ्यांसमोर मला खोटं ठरवलं. तुमचं मत?
— एक कार्यकर्ता, गोंदिया जिल्हा

भाऊ, आधी डॉ. मोतीरावण कंगाली यांच्याबद्दल, कारण ही मांडणी त्यांनी केली. रामटेक तालुक्यातला हा माणूस. रिझर्व्ह बँकेत नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ गोंडीला दिला. व्याकरण, शब्द, आमचे आद्य गुरू पारी कुपार लिंगो यांची परंपरा, देवांची आणि गोत्रांची व्यवस्था, हे सगळं त्यांनी आमच्यासाठी कागदावर आणलं. तुमच्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगड या आमच्या तीर्थाला माघ पौर्णिमेला आज जी एवढी माणसं लोटतात, त्यामागं त्यांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे पाय झिजले आहेत. २०१५ साली ते गेले. मी त्यांच्यापुढं हात जोडते.

आणि हात जोडूनच सांगते, सिंधू लिपी आजवर कुणीही सर्वांना पटेल अशी वाचलेली नाही. तिचे लेख फार लहान आहेत, सरासरी पाचेक चिन्हांचे. त्याच मजकुराचा दुसऱ्या, माहीत असलेल्या लिपीतला जोडलेख मिळालेला नाही. ती भाषा द्राविडी कुळातली असावी असं मानणारे मोठे अभ्यासक आहेत, पण तो अंदाज आहे. अंदाज अंदाज म्हणून सांगा, कुणी हरकत घेणार नाही.

मला काळजी दुसरीच वाटते. तुम्ही व्यासपीठावरून मोहेंजोदडो सांगितलंत आणि कुणी ते खोडून काढलं, की ऐकणारा म्हणतो, यांचं सगळंच असलं. मग त्यात हिरशाहचं तुकूमही जातं आणि शेडमाकेही. जे पक्कं आहे तेच इतकं आहे की एका आयुष्यात सांगून होत नाही. तुमच्या गावाच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या गावमालकांच्या वेळच्या, तळ्यापासून सुरुवात करा. प्राध्यापकाला तळ्यावर घेऊन जा.

आदिवासी, वनवासी, मूलनिवासी, कोईतूर. नक्की काय म्हणावं? कुणाला दुखवायचं नाही.
— एक शिक्षिका, सातारा

बाई, समोरच्याला विचारा, तो सांगेल. आम्ही आपसांत कोईतूर म्हणतो. बाहेर आदिवासी म्हणतो, कारण त्या शब्दानं भिल्ल, वारली, कोरकू, कोलाम, आम्ही सगळे एका सतरंजीवर बसतो. ‘वनवासी’ मला चालत नाही. वनवास रामाला झाला, १४ वर्षांनी तो संपला. आम्ही कुठून हद्दपार होऊन जंगलात आलो नाही. संविधान सभेत झारखंडचे आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी ‘बनजाति’ या शब्दाला हरकत घेऊन ‘आदिवासी’च हवं म्हणून भांडण केलं होतं, ते मला आजही लागू वाटतं.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. विचारतो, राग मानू नका. जे लिहूनच ठेवलं नाही त्याला इतिहास कसं म्हणायचं? ती लोककथा झाली.
— एक वाचक, नाशिक

राग नाही, सर. मीही बी.एड.ला असंच शिकले होते. तुम्हाला एक दुपार सांगते.

झरी तालुक्यातल्या एका परधानाच्या ओसरीवर मी फोन घेऊन बसले होते. परधान म्हणजे आमचे पाटाडी. गोंडांच्या कुळांची वंशावळ, देवांची गाणी, कोण कुठून आलं, कुणाची सोयरीक कुणाशी चालते, हे ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. बाबांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी खुंटीवरची किकरी काढली. तीन तारांचं, कमानीनं वाजवायचं वाद्य. तारेवर बोट ठेवलं आणि थांबले. मला विचारलं, तुझं कूळ कोणतं? सांगितलं. देव किती? (आमच्या कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखतात.) सांगितलं. माहेर कुठलं, आजाचं नाव काय, आजाच्या भावाचं काय? एका नावावर ते थांबले. म्हणाले, तो मोठा नव्हता, धाकटा होता. मी घरी फोन लावला. आईनं सांगितलं, बाबा बरोबर आहेत.

मग दोन तास पाटा झाला. पाटा म्हणजे गाणं. मधेच एका ठिकाणी किकरी खाली ठेवून ते म्हणाले, ‘हे फोनात नको. हे देवापुढंच.’ मी फोन बंद केला. तो भाग मी ऐकला आहे, पण कुठं लिहिणार नाही.

सर, ज्या सांगण्यात धाकटा-थोरला चुकला तर दुरुस्त होतो, ज्याला सांगायची जागा ठरलेली आहे, ऐकणारा तपासलेला आहे, ते मनात येईल तसं रचलेलं नसतं. पलीकडं तेलंगणात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिथले मेश्राम दरवर्षी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, वाटेतले मुक्काम ठरलेले. त्या कुळाची कथा आणि ती वाट एकमेकींना धरून आहेत. कथेतला मुक्काम बदलला तर पाय अडखळतील.

लिहिलेलंच हवं असेल तर तेही आहे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. लिंगोचं लांबलचक गाणं त्यांच्या संग्रहात एका परधानाच्या तोंडून आलं आणि १८६६ साली, हिस्लॉपच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. तेव्हापासून अभ्यासक ते पुस्तक आधार म्हणून देतात. म्हणजे परधान गात होता तोवर लोककथा, गोऱ्या माणसानं छापलं की साधन! हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, चांगलं कॉलेज आहे. त्या परधानाच्या नावाची साधी पाटी कुठं नाही. म्हणून मी कुणाचंही सांगणं टिपताना पहिल्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहिते. तुमच्या विद्यार्थ्यांनाही तेवढं शिकवा.

मी टेकाम. नागपुरात नोकरी करतो. मला गोंडी येत नाही, आईवडिलांनी शिकवली नाही. माझी सात वर्षांची मुलगी विचारते, ‘बाबा, आपण गोंड म्हणजे काय?’ मला काही सांगता येत नाही. भाषा येत नसेल तर आम्ही गोंड राहतो का?
— एक वाचक, नागपूर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईवडिलांवर रागावू नका. त्यांनी का शिकवली नाही ते मला ठाऊक आहे. माझं घरचं नाव जंगो, आमच्या देवीचं. शाळेत नाव घालताना ते ‘जनाबाई’ झालं, कुणी विचारलंही नाही. वर्गात गोंडी बोललं की बाकावर उभं राहायचं. आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच आमच्या पोरांना ‘मराठीत बोला रे’ म्हणून दटावलं आहे. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

तुम्ही एकटे नाही. २०११च्या जनगणनेत गोंड म्हणून नोंदलेली माणसं एक कोटीहून जास्त आहेत, आणि मातृभाषा गोंडी सांगणारी साधारण ३० लाख. म्हणजे चारातले तीन तुमच्यासारखे. भाषेवरून गोंडपण काढून घ्यायचं तर पहिल्यांदा परधानांचं काढावं लागेल. आमच्याकडच्या कितीतरी परधानांच्या चुलीपाशी पिढ्यांपासून मराठीच चालते, आणि आमची गोंडी गाणी मात्र त्यांच्याच कंठात राहिली आहेत. तेव्हा मराठी बोलता म्हणून मान खाली घालू नका. मराठी आपलीच आहे. गोंडी गेली याचं दुःख मात्र करा, कारण ते दुःखच माणसाला शिकायला बसवतं.

लिपीच्या वादात आत्ता पडू नका. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली एक लिपी आहे, आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांतली दुसरी आहे. दोन्ही आता संगणकावर टाइप होतात, दोन्हींचा अभिमान बाळगा. पण १९४३ साली मार्लावाईला, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, तेव्हा गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीतच केली होती. तुमच्या मुलीला देवनागरी येते. तेवढं पुरे आहे.

‘गोंड म्हणजे काय’ याचं उत्तर तिच्या आडनावात आहे. गोंडीत टेका म्हणजे सागाचं झाड. टेकामांचं नातं सागाशी, मरकामांचं आंब्याशी, मरका म्हणजे आंबा. ज्या झाडाचं नाव लावतो त्याला इजा करायची नाही, अशी आपली रीत. रविवारी तिला घेऊन सेमिनरी हिल्सला जा, नाहीतर रामटेकच्या वाटेवर कुठंही थांबा, साग दिसेलच. कोवळं पान बोटांत चुरलं की बोटं लाल होतात, ते तिला आवडेल, पण तिला सांगा की आपण टेकाम, आपण खाली पडलेलंच पान घ्यायचं.

मग शब्द. रोन म्हणजे घर. मरा म्हणजे झाड. नार म्हणजे गाव, आणि ‘गावात’ म्हणायचं झालं की त्याचं होतं नाटे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाच्या लोकांची घोषणा तिनं कधीतरी ऐकेल, ‘मावा नाटे मावा राज’. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवलेलं हे गाव. आमच्या गावात आमचं राज. सात वर्षांच्या मुलीला एवढं व्याकरण सहज कळतं, मी शिकवून पाहिलं आहे.

पण हे सगळं पुढच्या महिन्यात. आज एकच शब्द द्या. येर म्हणजे पाणी. संध्याकाळी ती खेळून येईल आणि पाणी मागेल, तेव्हा पेला हातात देताना म्हणा, ‘येर’.